चौकातला मांडव, मांडवातली होडी: हिवाळ्याच्या नोंदी

२८ नोव्हेंबर
होडी बांधायला जागा पक्की झाली. ग्वाल्हेरला, चिटणीस की गोठमधल्या आमच्या वाड्याचा मागचा चौक. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू बोळाकडे उघडी. होडी चौदा फुटी, वल्ह्यांची. मरीन प्लायचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे, आतून सांध्यांत इपॉक्सीचा (रेझिन आणि हार्डनर कालवून केलेल्या, नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) भराव, बाहेरून काचेचं कापड (फायबरग्लास), काठाला सागाची पट्टी. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घेतला आहे.

हिवाळाच का, असं काकांनी विचारलं. कारण मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि कालवलेलं इपॉक्सी डब्यातल्या डब्यात धुमसायला लागतं. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. राहिला हिवाळा. दुपारी ऊन असतं, मजूर मिळतात, लाकूडही बऱ्यापैकी कोरडं असतं. अडचण रात्रीची आणि धुक्याची.

२९ नोव्हेंबर
टेंट हाऊसवाल्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला. २० फूट बाय १२ फूट, ९ फूट उंच. त्याला वाटलं, घरात लग्न आहे. झालर लावू का म्हणून दोनदा विचारून गेला.

१ डिसेंबर
चौकातली फरशी इथल्याच वालुकाश्माची, शंभर वर्षांपूर्वीची तरी असेल. वरून कोरडी ठणठणीत दिसते. काल संध्याकाळी दीड फुटाचा पॉलिथिनचा चौकोन कापला आणि चारही कडा चिकटपट्टीने फरशीला घट्ट चिकटवून टाकल्या. आज सकाळी उचलून बघितलं तर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब, आणि दगडावर तेवढाच काळपट ओला चौकोन. वरच्या बाजूला दव असतं तर ते हवेतलं म्हटलं असतं. हे खालून आलेलं पाणी आहे.

काका बघायला आले. म्हणाले, "ह्या दगडाचा काय भरवसा! तिघरा कसा फुटला माहीत आहे ना?" माहीत होतं. सांक नदीवर १९१६ साली बांधलेलं धरण दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं, ते पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरलं म्हणून. आमच्या चौकाला धरणाचा भार नाही, पण दगड तोच, आणि पाणी ओढून घ्यायची त्याची सवयही तीच.

म्हणून आधी जमीन. जाड पॉलिथिन, जोडाला फूटभर एकावर एक चढवलेलं, कडा भिंतीवर वीतभर वर घेतलेल्या. त्यावर जुना कमर्शियल प्लाय, त्यावर जाजम. छताची घाई मिस्त्रींना होती, मला नव्हती. उघड्या जमिनीतून रात्रभर वाफ वर येत राहिली, तर वर कितीही ऊब केली तरी ती वाफच वाढवणार.

४ डिसेंबर
दोन डिजिटल आर्द्रतामापक आणले, स्वस्तातले. शेजारी शेजारी ठेवले तर एक ६८ दाखवतो, दुसरा ६०. खरं कोण?

याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं (विरघळू द्यायचं नाही), आणि मापकासकट घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करायचं. बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाचा हा गुण पक्का आहे, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला त्यात फारसा फरक पडत नाही. लोणच्याच्या दोन बरण्या काकूंकडून मागून घेतल्या.

५ डिसेंबर
रात्रभर ठेवल्यावर पहिला ७९, दुसरा ७१. म्हणजे एकातून चार वजा, दुसऱ्यात चार मिळवा. मापकांच्या पाठीवर तसं लिहून चिकटवलं. पृष्ठभागाचं तापमान मोजायला इन्फ्रारेड बंदूक आहेच. लाकडावर आणि इपॉक्सीवर ती ठीक चालते, चकचकीत तांब्याच्या तारेवर मात्र वाटेल ते आकडे सांगते.

९ डिसेंबर
छत झालं. एकेरी पॉलिथिन टाकून दोन रात्री बघितलं. पहाटे पाच वाजता मांडवात शिरलो तर आतल्या बाजूने छतभर थेंब, आणि कापडाला जिथे झोळ आला होता तिथून टपटप. खाली नेमके प्लायचे तुकडे. ताडपत्री टाकून ठेवली होती म्हणून निभावलं.

उपाय दोन, दोन्ही आज केले. पाइपांवर आडवे बांबू बांधून दीड-दोन इंच अंतर सोडलं आणि आतून दुसरं पॉलिथिन ताणलं. मधली कोंडलेली हवा हेच पांघरूण. आणि आतला थर असा तिरका ताणला की थेंब झालाच तर ओघळत भिंतीकडे जाईल, मधे झोळ येणार नाही. मिस्त्री म्हणाले, "इतना तो लोग घर में नहीं करते." खरं आहे. घरात ओलं इपॉक्सी नसतं.

१० डिसेंबर
दवबिंदूचं (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याचं) गणित भिंतीवर खडूने लिहून ठेवलं, म्हणजे रोज कुणाला समजावायला नको. आर्द्रता १०० पासून जितकी खाली, तिला ५ ने भागा, आणि ते हवेच्या तापमानातून वजा करा. हवा १८ अंश, आर्द्रता ७० टक्के: ३० भागिले ५ म्हणजे ६, दवबिंदू १२. हा ढोबळ हिशोब आहे. आर्द्रता ५० च्या वर असेल तर कामाला पुरतो.

नियम एकच: होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही. हवेचा आकडा कितीही गोजिरा दिसो.

आज सकाळी साडेनऊची नोंद बघा. मांडवात ऊन आलं, हवा १५ अंश, आर्द्रता ८२. दवबिंदू साडेअकराच्या आसपास. प्लाय अजून रात्रीच्या थंडीत, बंदूक १० दाखवते. बोट फिरवलं तर प्लायवर ओलसर रेघ उमटली. ऊन आलं आणि लाकूड ओलं झालं! थंडीत सगळ्यात धोक्याची वेळ पहाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती सकाळी ऊन चढताना येते, कारण रात्रीचं दव वाफ होऊन हवेत येतं, हवा लवकर तापते आणि लाकूड मागे थंडच राहतं.

१४ डिसेंबर
गरम कसं करायचं, यावर घरात सभा.

काकांचं मत कोळशाच्या शेगडीचं. ते सरळ बाद. बंद जागेत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी माणसं झोपेतच जातात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. काका वाद न घालता गप्प बसले, म्हणजे पटलं.

टेंट हाऊसवाला म्हणाला, लग्नात ठेवतात तो गॅसचा हीटर देतो. तोही नको म्हटलं, आणि त्याचं कारण जरा सविस्तर लिहून ठेवतो. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. चार किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे तासाला अर्धा लिटर पाणी. आपला मांडव ६१ घनमीटरचा. १५ अंशाला एक घनमीटर हवेत फार तर १२.८ ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे अख्ख्या मांडवात पाऊण लिटरच्या जरा वर. दोन तासांत हवा भरून वाहायला लागेल. शिवाय ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड येतो. इपॉक्सीच्या हार्डनरमधल्या अमाइनला थंडीत नेमके हेच दोघे भेटले, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, की वर मेणचट थर धरतो. त्या थरावर पुढचा हात बसत नाही, रंग तर नाहीच. म्हणजे गॅसचा हीटर ऊब देतो आणि काम बिघडवायचं सगळं साहित्यही पुरवतो.

विजेवर अख्खा मांडव तापवायचा तर? छत आणि भिंती मिळून ७६ चौरस मीटर. एकेरी पॉलिथिनमधून बाहेरपेक्षा १२ अंश जास्त राखायचे तर साडेपाच किलोवॅट लागतात. दुहेरीतून तीन-सव्वातीन. वाड्याचं वायरिंग बघता तेही नको.

मग मांडव तापवायचाच नाही. होडी तापवायची.

१५ डिसेंबर
मांडवात तंबू. सुताराच्या लाकडी घोड्यांवर होडी ठेवल्यावर तिच्याभोवती १६ बाय ६ फूट, उंची साडेचार फूट. बांबूच्या कमट्या वाकवून चौकट केली, आतून पॉलिथिन, त्यावर घरातल्या जुन्या रजया. क्रम महत्त्वाचा आहे: प्लास्टिक आत, रजई बाहेर. उलटं केलं तर आतली दमट हवा कापसात शिरते, बाहेरच्या थंड बाजूला तिचं पाणी होतं, आणि चार दिवसांत रजई जड होऊन वास मारायला लागते. प्लास्टिक रजईच्या आत असलं की ते उबदार राहतं, त्यावर थेंबही धरत नाही.

हिशोबाने ह्या तंबूला १२ अंशांची वाढ राखायला साडेसहाशे-सातशे वॅट पुरे. तेलाचा रेडिएटर आणला. त्याची कॉइल उघडी नसते आणि थर्मोस्टॅट असतो. रंध्याचा भुसा, पॉलिथिन आणि लालभडक सळई एका जागी नकोत. त्याच्यासाठी वेगळी वायर ओढली, ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवला.

१८ डिसेंबर
तंबूत वरती २३ अंश, होडीच्या तळाशी १४. छोटा टेबल फॅन सर्वात कमी वेगावर, तोंड वर करून ठेवला. तासाभरात वर १९, खाली १७. फॅनने ऊब वाढत नाही, आहे ती वाटली जाते. एवढ्याशा बदलाने आज सगळ्यात जास्त काम झालं असेल.

लाकडातला ओलावा पिनवाल्या मीटरने: व्हरांड्यात ठेवलेल्या सागाच्या पट्ट्या १५-१६ टक्के. तंबूत ठेवायला घेतल्या. लाकूड शेवटी आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं. ६५ टक्के आर्द्रतेत ते १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० मध्ये १६ वर, ९० मध्ये २० वर. इपॉक्सीने सगळीकडून बंद करायच्या आधी १२ च्या खाली हवं, कारण एकदा बंद केलं की आतलं पाणी आतच.

२० डिसेंबर
रेझिनचा डबा उघडला तर आत थंडीत थिजलेल्या मधासारखं, ढगाळ आणि तळाशी रवाळ. मिस्त्री म्हणाले, माल खराब आहे, परत करा. खराब नाही. थंड गोदामात पडून रेझिनमध्ये स्फटिक होतात. डबा ५० अंशांच्या पाण्यात ठेवला, अधूनमधून ढवळला, संध्याकाळपर्यंत काचेसारखं नितळ. रवा शिल्लक असताना कालवलं असतं तर हार्डनरचं प्रमाण कागदावर बरोबर आणि डब्यात चूक.

आता रेझिन आणि हार्डनर दोन्ही एका खोक्यात, आत ४० वॅटचा बल्ब. पातळ राहतं, कापडात मुरतं. गरम रेझिन लवकर आवळतं हेही खरं, म्हणून खोल डब्यात न ठेवता कालवल्या कालवल्या पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

२३ डिसेंबर
आतल्या सांध्यांचे भराव घातले. लाकडाचं पीठ मिसळलेलं इपॉक्सी, गोल काठाच्या पट्टीने ओढून. तंबू १९ अंश, आर्द्रता ५४, तळ १८. मिस्त्रींचा हात बघत राहावा असा. एका दमात पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत पट्टी ओढतात, वाटेत थांबत नाहीत. थांबलं की तिथे पायरी पडते आणि नंतर घासत बसावं लागतं.

हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी परवा रात्री गाणं होतं म्हणे. आम्ही इथे रेडिएटरची टिकटिक ऐकत.

२७ डिसेंबर
दुपारी मांडवात शिरलो आणि चष्म्यावर वाफ. मापक ९१. जमिनीवरचं प्लास्टिक बघितलं, छत बघितलं, बोळाकडचा पडदा बघितला, सगळं जागच्या जागी. मग मागच्या बाजूला गेलो. पाइपांना दोरी, दोरीवर दोन सोलापुरी चादरी, काकांचे स्वेटर, टॉवेल, आणि कोपऱ्यात मोज्यांची रांग.

"काकू, हे काय?"

"काय म्हणजे? चार दिवस ऊन आहे का मेलं? तुझ्या होडीला ऊब, आणि माझ्या चादरींनी कुबट राहायचं?"

यावर काय बोलणार? हाताने पिळलेल्या तेवढ्या कपड्यांत दोन लिटर पाणी सहज असतं, आणि मांडवभर हवेत जेमतेम पाऊण लिटर मावतं, हे त्यांना भिंतीवरचं गणित दाखवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हवा बदल की!"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. उद्या तेच करून बघतो. तह असा झाला: ज्या दिवशी इपॉक्सीचं काम नाही त्या दिवशी दोरी त्यांची. बाकीच्या दिवशी गच्चीवरची खोली.

२८ डिसेंबर
बाहेर दाट धुकं. बोळातला विजेचा खांब दिसत नाही. अशा वेळी मी बोळाकडचा पडदा खालून वीतभर उचलला आणि वरच्या बाजूला हात जाईल एवढी फट ठेवली. काका ओरडलेच, "अरे, धुकं आत घेतोस?"

धुकं आत घेतो, पण तापवून घेतो. बाहेर ८ अंश आणि आर्द्रता १००, म्हणजे घनमीटरला ८.३ ग्रॅम पाणी. तीच हवा तंबूत १८ अंशांवर आली की तिला १५.४ ग्रॅम झेपतात. आर्द्रता किती? ५४ टक्के. धुक्याचे थेंब धरून थोडी जास्त म्हणा. बंद मांडवात त्याच वेळी ७८ होती, कारण माणसांचा श्वास, ओलं फडकं, भिंतीतून येणारी ओल, सगळं आतल्या आत कोंडलेलं.

गेल्या आठवड्यातल्या एका उन्हाच्या दिवशीचे आकडे काकांपुढे ठेवले. सकाळी सात वाजता ७ अंश आणि ९६ टक्के. त्याच दिवशी दुपारी १९ अंश आणि ४५ टक्के. सकाळी ती हवा ओली वाटते, दुपारी कोरडी. पाणी मात्र दोन्ही वेळा घनमीटरला ७.४ ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात हवेतून काही गेलं नाही, काही आलं नाही. फक्त ऊन पडलं.

काकांनी चष्मा वर करून आकडे परत वाचले. मग म्हणाले, "म्हणजे उन्हाचं काम रेडिएटर करणार." हो. आणि त्याचा खर्च ऐकण्यासारखा आहे: तंबूतली १२ घनमीटर हवा तासाला एकदा पूर्ण बदलली तर ती तापवायला सरासरी ४० वॅट. एका बल्बाएवढे. फटी बुजवून ऊब वाचवायचा सगळा खटाटोप इथे उलटा पडतो.

संध्याकाळी तंबू ५७ टक्के. पडदा तसाच.

३१ डिसेंबर
कमाल १२ च्या पुढे गेलं नाही. हवामान खात्याच्या हिशोबात मैदानी भागात किमान १० किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून खाली गेलं की शीत दिन, साडेसहाच्याही खाली गेलं की तीव्र शीत दिन. इथली जानेवारीतली कमाल २२-२३ धरली तर आजचा दिवस कशात बसतो ते सांगायला नको. मिस्त्री आले नाहीत. बरोबरच केलं.

४ जानेवारी
काल संध्याकाळी आतल्या बाजूला पहिला हात दिला, आणि पहाटे अडीचला वीज गेली ती सहाला आली. मागच्या फळीचा पृष्ठभाग ११ अंशांवर उतरला होता. सकाळी बाकी होडी चकचकीत, मागची फळी मात्र मंद, धुरकट. बोट लावलं तर साबणासारखं निसटतं. हाच तो अमाइनचा थर.

मिस्त्री लगेच पॉलिश पेपर घेऊन सरसावले. थांबवलं. घासलं की हा थर कागदात भरतो आणि उरलेला लाकडाच्या चरांत दाबला जातो. तो पाण्यात विरघळतो, थिनरने फक्त पसरतो. कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, पाणी परत परत बदलायचं, आणि प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, आपोआप वाळू द्यायचं नाही. पाणी सगळीकडे एकसारखं पसरायला लागलं, कुठे तुटून थेंब धरेना, तेव्हा सोडलं. मग घासकाम.

५ जानेवारी
वीज जाणारच, ते गृहीत धरायला हवं. इन्व्हर्टरवर रेडिएटर चालत नाही. तोडगा काकांनी काढला, आणि तो वाड्यातच होता: तांब्याचा बंब. रात्री दहाला बंब पेटवून २० लिटरचे चार कॅन ४५ अंशांच्या पाण्याने भरायचे, झाकणं घट्ट लावून होडीखाली ठेवायचे. ४५ वरून २० वर येईपर्यंत ते सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त उष्णता देतात, म्हणजे तंबूला साडेतीन तास. वीज गेली नाही तर रेडिएटर तेवढा कमी चालतो. तोटा नाही.

झाकणं घट्ट, हे दोनदा अधोरेखित. उघडा कॅन म्हणजे वाफेचं भांडं. बंब अर्थात न्हाणीघराबाहेरच्या उघड्या जागेत, मांडवाच्या आसपासही नाही.

८ जानेवारी
काचेचं कापड चढवलं, २०० ग्रॅमचं. होडी पालथी. आजची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापत असताना इपॉक्सी लावलं तर ती हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. थंड होत असताना लावलं तर लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं. सकाळी रेडिएटर पूर्ण लावून होडी २४ अंशांवर नेली, अडीचला बंद केला, तीनला सुरुवात. काम संपेपर्यंत पृष्ठभाग १९. एकही बुडबुडा नाही. मग तंबू झाकला, रेडिएटर १८ वर, कॅन जागेवर.

कापड भिजलं की पारदर्शक होतं आणि खालची प्लायची नक्षी वर येते. भिजायचं राहिलेलं चांदणीसारखं पांढरं चमकतं. विजेरी आडवी धरून कोपरे शोधत बसलो. मिस्त्रींनी टोकाजवळची एक बारीक सुरकुती बोटाने दाबत दाबत काठापर्यंत नेऊन सोडली. मला ती दिसलीही नव्हती.

९ जानेवारी
सकाळी अंगठ्याचं नख रुततं पण चिकटत नाही. नेमकी हीच अवस्था हवी. आता दुसरा हात दिला तर तो पहिल्याशी रसायनानेच जोडला जातो, घासायची गरज नाही. १८ अंशांवर ही अवस्था सकाळी आली. १० अंश कमी असते तर वेळ साधारण दुप्पट लागली असती आणि ती मध्यरात्री कधीतरी गाठावी लागली असती. थंडीत उबेची किंमत विजेच्या बिलावर दिसते, तिची बचत झोपेत.

१४ जानेवारी
संक्रांत. मुरैन्याची गजक, काकूंचा तिळगूळ. मिस्त्रींना दोन्ही. काम नाही, दोरीवर चादरी.

१९ जानेवारी
होडी सुलटी केली. सागाच्या पट्ट्या आता ११ टक्के. काठाला बसवल्या, शिकंज्यांची रांग दोन्ही बाजूंना. शिकंजा फार आवळला तर सांध्यातलं सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. मिस्त्री सुतारकामातल्या फेविकॉलच्या सवयीने कचकचून आवळत होते, दोन पेर सैल करायला सांगितले.

पुढच्या टोकातल्या बंद कप्प्याला हवेची भोकं ठेवली. मिस्त्रींना ते पटत नाही, होडीला भोक म्हणजे काय! पण बंद कप्प्यात अडकलेली दमट हवा इथल्या थंडी-उन्हाच्या फेऱ्यात रोज पाणी गाळत राहील. झाकण फिरकीचं, पाण्यात जाताना बंद करायचं.

२५ जानेवारी
रंग. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळं पडून भुकटी होते, म्हणून वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. ह्याचं दमटपणाशी वेगळंच वैर आहे. त्यातला आयसोसायनेट पाण्याच्या वाफेशीही जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. मग रंगात टाचणीएवढी भोकं आणि मंद छटा. म्हणून सकाळी अकरा ते दोन, आर्द्रता ५० च्या आसपास, आणि संध्याकाळचं दव पडायच्या आत सॉल्व्हंट उडून गेलेला.

आज रेडिएटर बंद, तंबू काढलेला, बोळाकडचा पडदा पूर्ण उघडा. सॉल्व्हंटची वाफ आणि हीटर एकत्र नकोत. तोंडाला सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा मास्क. कापडी फडकं बांधून हा रंग लावणारी माणसं बघितली आहेत, पुढे वर्षानुवर्षं खोकताना.

२ फेब्रुवारी
पारा २५. तंबूच्या रजया गच्चीवर उन्हात. प्लास्टिकच्या आतली बाजू कोरडी होती, कापसाला वास नाही. जमिनीवरचं पॉलिथिन उचललं, खाली फरशी अजून काळपट ओली.

टेंट हाऊसवाल्याचे पाइप परवा जातील. मार्चमध्ये त्याची खरी लग्नं आहेत. होडीला आतून अजून एक हात बाकी आहे, तो आता उघड्या चौकात दुपारी होईल. वल्ही व्हायची आहेत. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली कोरडी आहे, १८ च्या खाली जात नाही, लांबीही पुरते. काकूंना अजून विचारलेलं नाही.